चावी खिशात ठेवा

ग्लासगोच्या उंच टॉवर ब्लॉकमध्ये आश्रय मागायला आलेल्या कुटुंबांना फ्लॅट मिळत. त्या फ्लॅटची देखभाल करणाऱ्या स्टाफला शिकवायचं काम दोन हजारच्या दशकात काही वर्षं माझ्याकडे होतं. माझा पहिला धडा एवढाच: दार वाजवा, नाव सांगा, मागे सरका आणि थांबा. दार आतल्या माणसानं उघडायचं.

"थांबायला काय शिकायचं, हेन?" निवृत्तीला टेकलेले एक म्हातारबुवा म्हणाले. ग्लासगोत बाईला आपुलकीनं हेन म्हणतात. हे तिथल्याच एका इमारतीचे जुने केअरटेकर. एका हातानं दार ठोठावायचे आणि दुसऱ्या हातानं मास्टर-की फिरवायचे.

खरं तर हे मी शिकवावं म्हणजे गंमतच. नागपूरला आमच्या कॉलनीत दार वाजवायचं कोण? शेजारीण साखरेची रिकामी वाटी घेऊन थेट ओट्यापाशी यायची. पण तिच्याकडे आमच्या घराची चावी नव्हती, आणि आम्हाला तिची भीती नव्हती.

एका जानेवारीत त्यांच्या इमारतीत वरच्या मजल्यावरच्या एका अफगाण बाईचं हीटिंग बंद पडलं. घरात ती आणि तिची लहान मुलगी, दोघीच. थोड्याच दिवसांपूर्वी ती बाथरूममधून बाहेर येत असताना समोर एक परका पुरुष उभा होता. तो पुरुष म्हणजे आमचे म्हातारबुवाच, नळ बघायला आलेले. तेव्हापासून तिनं दाराला आतून टेबल लावलं होतं आणि ती कुणालाच आत घेईना. मुलीचा खोकला बाहेर ऐकू यायचा.

आमचा मॅनेजर फोनवर म्हणाला, "आज उघडलं नाही तर दार ढकलून आत जा. मग तिला दुसऱ्या शहरात हलवू."

उंटावरून शेळ्या हाकायला याचं काय जातं! माझं डोकंच सणकलं. ती पोर नुकती कुठे शाळेत रुळली होती. "आजचा दिवस मला द्या," मी म्हटलं आणि ट्रेनिंगचा वर्ग उचलून त्या दारासमोर नेला. दुरुस्तीला आलेला हीटिंगवाला त्याच्या पेटीवर बसला.

"तुम्हीच वाजवा," मी म्हातारबुवांना सांगितलं.

त्यांनी दार वाजवलं, नाव सांगितलं, मागे सरकले. बाईनं काही वर्षं पाकिस्तानात काढली होती, तिला उर्दू कळायची, म्हणून मी हिंदीत म्हटलं, "आम्ही बाहेरच आहोत. चावी लावणार नाही. तुम्ही उघडाल तेव्हाच आत येऊ."

आतून फक्त खोकला आला. म्हातारबुवांच्या खिशात चाव्या खुळखुळत होत्या. आपल्या हट्टापायी पोरीला काही झालं तर? तरी मी हलले नाही.

शेवटी टेबल सरकल्याचा आवाज आला. दार वीतभर उघडलं. बाईनं म्हातारबुवांना पाहिलं आणि धाडकन लावून घेतलं.

"संपलं, हेन," ते म्हणाले आणि त्यांनी चाव्यांचा जुडगा बाहेर काढला. आता हे चावीनं दार उघडणार असं वाटून मी आडवी आले. पण त्यांनी जुडगा माझ्या हातात कोंबला. "हा तू धर." मग त्यांनी पुन्हा दार वाजवलं, नाव सांगितलं, "सॉरी" म्हणाले आणि पार लिफ्टपर्यंत मागे गेले.

टेबल परत लावल्याचा आवाज काही आला नाही. मी कान देऊन उभी होते.

दार उघडलं, या वेळी पूर्ण. बाईनं मला आणि हीटिंगवाल्याला आत घेतलं. फ्लॅटमध्ये बोलताना तोंडातून वाफ निघत होती. कोट घालूनच मुलगी पलंगावर बसली होती. हीटिंगवाला कामाला लागला. म्हातारबुवा लिफ्टपाशीच थांबले होते, टोपी हातात धरून.

बाई परत दाराशी गेली. बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

"कम," ती त्यांना इंग्रजीत म्हणाली.