एकाच पायातला बूट

सिंगापुरातल्या बिशानच्या पार्कात रविवारी सकाळी धावणाऱ्या आम्हा मराठी मंडळींच्या ग्रुपचं नाव ‘पळपुटे’. हे नाव कुणी ठेवलं यावर अजून वाद आहे, पण ते चपखल आहे हे सगळ्यांना मान्य आहे. कुणी ऑफिसपासून पळतं, कुणी सुटलेल्या पोटापासून, आणि मी रविवारच्या पोह्यांपासून, कारण ते त्या दिवशी नवऱ्याने करायचे असतात. पन्नाशी ओलांडल्यावर मी धावायला लागले. एकदा एका चिनी आजोबांनी मला नुसतं चालत मागे टाकलं. त्यामुळे शेवटचा नंबर माझाच, याबद्दल मात्र कधी वाद झाला नाही.

मग ती आली. नागपूरची मुलगी, क्लेमेंटीला विद्यापीठाजवळ भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी, प्रयोगशाळेत संशोधन करणारी. पाय हरणासारखे. पहिल्या रविवारी सगळ्यांच्या पुढे गेली, परत फिरून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “ताई, तुम्ही एकट्याच मागे काय करून राहिल्या?” त्या दिवसापासून पुढची फेरी ती माझ्याबरोबर मारायची. मला दया दाखवणाऱ्यांचा फार राग येतो. पण ही बोलत असायची, तक्रारी सांगायची, माझ्या धावण्याची नक्कल करायची. रागवायला तिने जागाच ठेवली नाही.

एका आठवड्यात मधल्याच वारी ग्रुपवर तिचा मेसेज आला. “पायऱ्यांवर पाय मुरगळला होता. डॉक्टर म्हणाले, आता दीड महिना बूट घालूनच चालायचं.”

धावणाऱ्या माणसांसमोर बुटाचा विषय निघाला की काय होतं, हे धावणाऱ्यांच्या घरच्यांना विचारावं. संध्याकाळभर फोन वाजत राहिला. कुणी म्हणालं, जाड सोलचे घे. कुणी म्हणालं, जाड सोलमुळेच पाय मुरगळतात. कुणी मॉलमधल्या सेलचा फोटो टाकला. आमच्यात एक काका आहेत, निवृत्त, मुलाकडे बिशानलाच राहतात, धावत नाहीत पण झपझप चालतात. त्यांनी लिहिलं, “एक नंबर मोठे घ्यावेत. पाय सुजतो.” मीही मागे राहिले नाही. ‘चला, म्हणजे चालायला परवानगी आहे! रविवारी नवे बूट दाखव,’ असं लिहून मी भाजी फोडणीला टाकली.

रविवारी ती आली नाही. त्याच दुपारी फोनवर बारीक अक्षरांत दिसलं की ती ग्रुपमधून बाहेर पडली आहे. फोन केला तर उचलला नाही. मला आधी राग आला आणि मग काळजी वाटायला लागली. माझा तो क्रम ठरलेला आहे.

सोमवारी रॅफल्स प्लेसला माझ्या बँकेतून सुटल्यावर मी घराकडच्या मेट्रोत न बसता उलट्या दिशेची एमआरटी धरली आणि क्लेमेंटीला उतरले. दार तिच्या घरमालकीणबाईंनी उघडलं. मी कोण हे विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, “शी नेव्हर ईट, यू नो? ओन्ली बिस्किट, बिस्किट. कॅनॉट लाइक दॅट, लाह.”

आणि खोलीत ती पलंगावर बसली होती. उजव्या पायात गुडघ्याच्या जरा खालपर्यंत आलेलं करड्या प्लॅस्टिकचं भलंमोठं धूड होतं, त्याला पट्टेच पट्टे. अंतराळात जाणारी माणसं घालतात तसं काहीतरी.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“बूट,” ती म्हणाली. “सांगितलं तर होतं.”

मी डोक्याला हात लावला. करंगळीच्या रेषेतलं, पायातलं लांब हाड मोडलं होतं. प्लॅस्टरऐवजी हे घालायला दिलं होतं आणि डॉक्टर त्याला बूट म्हणतात म्हणून तीही बूट म्हणाली. हाड मोडल्याचं लिहायचं तिच्या जिवावर आलं होतं, म्हणून तेवढंच तिने गाळलं. इकडे आम्ही तिला सेलचे फोटो पाठवत होतो.

“मला वाटलं, तुम्ही सारे माझी गंमत करून राहिले,” ती म्हणाली. “काकांनी तर एक नंबर मोठे घ्या म्हटलं.” एवढं म्हणून ती रडायला लागली, आणि रडता रडताच ‘एक नंबर मोठे’ हे शब्द परत आठवून तिला हसू फुटलं. मलाही आवरेना. मालकीणबाई दारातून डोकावून गेल्या, बहुधा भारतीय बायका अशाच असतात असं ठरवून.

मग तिने सगळं सांगितलं. त्या जागेचं हाड हट्टी असतं, लवकर जुळत नाही. दीड महिन्याने एक्सरे काढणार. जुळलं नसेल तर ऑपरेशन करून आत स्क्रू बसवणार. ऑपरेशन झालं तर इथे एकटीने राहणं शक्यच नाही. खोली देताना घातलेली अट होती ‘लाइट कुकिंग’, म्हणजे पाणी उकळा आणि त्यात जे शिजेल ते खा. आईबाबांना तिने काहीच कळवलं नव्हतं. कळलं तर ते येऊन घेऊन जातील, इकडचं काम दुसऱ्या कुणाला दिलं जाईल, आणि एकदा घरी गेलं की घरचे परत पाठवणार नाहीत, हे ती अगदी शांतपणे म्हणाली. “ताई, मी आयुष्यात पहिल्यांदा धावली ती इथं. आमच्या गल्लीत धावली असती तर लोकं बाहेर येऊन विचारले असते, काय झालं म्हणून.”

मी म्हटलं, “ग्रुप सोडून पळालीस. खरी पळपुटी तूच.” आणि तिला परत ग्रुपमध्ये घेतलं.

बुटाचा खुलासा मी ग्रुपवर केला. मग सगळ्यांना एकदम उमाळा आला. त्या आठवड्यात क्लेमेंटीच्या त्या खोलीत डिंकाचे लाडू इतके पोचले की ठेवायला जागा उरली नाही. हाड जुळायला डिंक चांगला, हे प्रत्येकाला आपापल्या आईने सांगितलेलं होतं आणि कुणी कुणाला न विचारता लिटल इंडियातलं वाण्याचं दुकान गाठलं होतं. काकांनी स्वतः नेऊन दिले. देताना, भाच्याच्या मित्राचं एक स्थळ आहे, मुलगा पुण्यात चांगल्या नोकरीत आहे, हेही सांगून आले. काकांना हा छंदच आहे. पार्कात एखादी मुलगी बुटाची नाडी बांधायला वाकली तरी ते पत्रिका विचारतील. मालकीणबाईंना मात्र लाडू फार आवडले. वाटीत एक लाडू, वर गरम पाणी, अशा पद्धतीने त्या ते खात. तिने मला त्याचा फोटो पाठवला तेव्हा मी ऑफिसात मोठ्याने हसले.

पण लाडवांनी माणूस सावरत नाही. जो येई तो दारातूनच विचारी, ‘कसा आहे पाय?’ ती म्हणायची, “ठीक आहे.” या एका प्रश्नाने ती दिवसेंदिवस लहान होत चालली होती. शेवटी मी ग्रुपवर फर्मान काढलं की पायाची चौकशी बंद. ज्याला राहवत नाही त्याने मला विचारावं, मी खेकसेन. मी खेकसते हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे कुणीच विचारलं नाही.

मग तिला म्हटलं, “रविवारी बिशानला ये.”

“काय करू येऊन? तुमच्यासाठी टाळ्या वाजवू?”

“चाव्या सांभाळ.”

यात परोपकार नव्हता. आम्ही सगळे घराच्या चाव्या आणि कार्डं खिशात घालून खुळखुळत धावतो आणि दर महिन्याला कुणाची तरी किल्ली ओढ्याकाठच्या गवतात शोधतो. ती आली. एमआरटीत तिला जागा द्यायला एक म्हातारी बाई उठून उभी राहिली म्हणून ती संतापली होती. बाकावर बसली, आम्ही आपापल्या चाव्या तिच्या पिशवीत टाकल्या आणि धावायला लागलो. पहिल्याच फेरीला तिचा आवाज आला, “ताई, डावा खांदा वर जाऊन राहिला तुमचा!” दुसऱ्या फेरीला तिने काकांना हात हलवून चालायला सांगितलं. तिसऱ्या फेरीला तिच्यासमोरून जाताना सगळे पोट आत घेऊन ताठ धावत होते. बाकावर बसलेली तीच बाकीच्यांना पळवायला लागली.

मागे मात्र मी पुन्हा एकटी होते. तिची सवय लागली होती मला. ती गेली तर माझंही धावणं सुटेल हे मला तेव्हा कळलं, आणि मी तिच्या हाडासाठी देवाला साकडं घालायला लागले. एरवी मी देवाला त्रास देत नाही.

एक्सरेची तारीख तिने फक्त मला सांगितली होती. मी म्हटलं, बरोबर येते. ती नको म्हणाली. त्या दिवशी मी ऑफिसात एका मीटिंगमध्ये बसले होते आणि फोन मांडीवर उलटा ठेवला होता. समोरचा माणूस काय सांगत होता ते मला आजही सांगता येणार नाही. फोन थरथरला. ग्रुपवर तिचा एकच शब्द होता.

“जुळलं!”

माझा जीव भांड्यात पडला. मीटिंग सोडून पँट्रीत गेले आणि नळ सोडून उगाच हात धुत उभी राहिले, कारण डोळे भरून आले होते आणि शेजारी बँकेतले दोघं कॉफी घेत होते. तेवढ्यात फोन पुन्हा थरथरला. काका होते.

“हार्दिक अभिनंदन! मुलगा काय करतो?”

त्यांच्या मागोमाग रीघ लागली. छुपी रुस्तम म्हणून कुणी, पार्टी कधी म्हणून कुणी. लग्न सिंगापुरात की नागपुरात, असंही एकीने विचारलं. पायाबद्दल बोलायला मीच बंदी घातली होती, त्यामुळे पाय कुणाच्या मनातच आला नाही. मागच्या वेळी असंच झालं होतं आणि ती ग्रुप सोडून गेली होती. मी ओल्या हातांनी घाईघाईने खुलासा टाइप करायला लागले. पण तिचं उत्तर आधी आलं.

“मुलगा नाही काका. हाड जुळलं. करंगळीच्या बाजूचं. ऑपरेशन नाही!” आणि त्याखाली हसून डोळ्यांतून पाणी काढणारी तोंडं, ओळभर.

मग काका म्हणाले, “हरकत नाही. रविवारी घेऊन ये त्याला.”

घेऊन आली. दोन्ही पायांत बूट होते, आपले साधे, नाडीचे. धावायला अजून मनाई होती, फक्त सपाटीवर हळू चालायचं. काका त्या दिवशी सर्दीने बेजार होते म्हणून तिच्या बाकावर बसले होते आणि पिशवी त्यांच्या मांडीवर होती. आम्ही चाव्या टाकल्या. ती शेवटी आली आणि खिशातून आपली किल्ली काढून तिने पिशवीत टाकली. इतके रविवार ती आमच्या किल्ल्यांचं ओझं घेऊन बसली होती, तिची स्वतःची मात्र तिच्या खिशातच असायची.

“ही कुठली?” काकांनी विचारलं.

“क्लेमेंटीची,” ती म्हणाली. “हरवू नका हं काका. मला तिथंच राहायचं आहे.”