वाटणीला आलेली कुंडी

आमच्या भावजयीनं कुंडी पायानं सरकवली, ते मी अजून विसरलेले नाही. आईच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी माहेराहून, कन्नडहून घरी निघाले होते. ती म्हणाली, "वन्सं, हे तुम्हीच न्या बाई. दारात निवडुंग असला की घरात भांडणं लागत्यात." त्या निवडुंगाला काटा औषधालासुद्धा नव्हता! चपट्या हिरव्या पेरांच्या लोंबत्या फांद्या आणि टोकाला गुलाबी फुलं. तिथल्या दवाखान्यातल्या एका नर्सबाईंनी आईला त्याची फांदी दिली होती. फुलं ऐन नाताळच्या सुमाराला यायची, म्हणून आई त्याला नाताळाचं झाड म्हणायची.

झाड तेव्हा कळ्यांवर आलेलं. एसटीत मांडीवर घेऊन उस्मानपुऱ्यात आणलं, आणि घरी येऊन पाहते तर सगळ्या कळ्या गळून पदरात पडलेल्या. कळ्या धरल्यावर याला जागचं हलवायचं नसतं, हे आई नेहमी सांगायची. पण तिथंच ठेवलं असतं तर भावजयीनं उकिरड्यावर टाकलं असतं. आईला नेताना रडले नाही एवढी त्या दिवशी रडले.

मग मी हट्टालाच पेटले. आईच्या वर्षश्राद्धाला हे झाड फुललंच पाहिजे, आणि फुलं मी स्वतः कन्नडला नेऊन तिच्या फोटोला वाहणार. भाऊ बोलावणारच होता. आई गेल्यावर माहेर म्हणजे तो एकटाच, आणि तो माझ्या कडेवर वाढलेला.

उन्हाळ्यात कुंडी पाण्याच्या ड्रममागच्या सावलीत ठेवली. आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, पण तांदूळ धुतलेलं पाणी मी त्या झाडासाठी बाजूला काढायचे. पावसाळ्यात मुळं कुजू नयेत म्हणून पत्र्याखाली सरकवली. खरी कसोटी दसऱ्यापासून. याला कळ्या धरायला लांब, गार, काळोखी रात्र लागते. रस्त्यावरचा दिवासुद्धा चालत नाही. मी गॅलरीला जुनी चादर बांधली आणि तिथला बल्बच काढून टाकला. आमचे हे वैतागायचे, "अगं, इथं माणसं राहतात का घुबडं?" म्हटलं, राहा थोडे दिवस घुबडासारखे, काही बिघडत नाही.

भावाला मीच फोन करायचे. आंब्याच्या दिवसांत केला, पंचमीला केला. प्रत्येक वेळी तेच. "आक्का, लई कामं हायेत, मी करतो मागून." मागून म्हणजे कधीच नाही, हे कळत होतं. पण मन मोठं चिवट असतं बघा. वर्षश्राद्धाला तरी बोलावीलच, असं मी स्वतःला समजावत राहिले.

आणि यंदा झाड लवकरच फुललं! पानं दिसेनात इतकं. श्राद्ध आठवड्यावर आलेलं असताना दारात भाऊ उभा. माझं काळीज सुपाएवढं झालं. बोलवायला स्वतः आला, म्हटलं. हाताला धरून त्याला गॅलरीत नेलं. "बघ, आईचं झाड!"

"झ्याक हाय," म्हणाला आणि आत येऊन बसला. चहा दिला तर पिशवीतून कागद काढले. "आक्का, सोमवारी कचेरीत येऊन सही करा. जमिनीवरून तुमचं नाव काढायचंय."

मी विचारलं, "आणि वर्षश्राद्ध?"

"ते हायेच की. सही झाली की या मग जेवायला."

"आणि सही नाही केली तर?"

त्यानं कप खाली ठेवला. मग तोंड वर करून म्हणाला, "आईचं तुमाला कायच दिलं नाय का? झाड नेलंच की."

अशी तोंडाला पानं पुसतात, आणि वर आपणच उपकार मानायचे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग झाड तू घेऊन जा," मी म्हणाले, "माझं नाव राहू दे जमिनीवर."

त्याला वाटलं, थट्टा करतेय. हसला. मी हसत नाही हे बघून उठला. चहा तसाच टाकून गेला.

श्राद्धाच्या दिवशी मी पहाटेच न्हाऊन, धुवट साडी नेसून बसले. फोन शेजारी. फुलं खुडून ओल्या फडक्यात बांधून ठेवलेली. दुपार कलली तरी घास घेतला नाही. हे म्हणाले, "चल, मी नेतो तुला. आई तुझीच आहे ना?" माझी होती, पण घर माझं राहिलं नव्हतं. बोलावणं नसताना आईच्या श्राद्धाला जावं की जाऊ नये? असलं काही अडलं की मी एकाच बाईला विचारायचे, आणि त्या दिवशी तिचंच श्राद्ध होतं.