बैलाच्या शिंगाची खूण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं न्हाय. नवऱ्यालासुद्धा न्हाय — पंचवीस वर्षं संसार करून. आज तुम्हाला सांगते.

माझ्या पोटावर डाव्या बाजूला लांब व्रण हाय. लग्नाआधी आईनं पढवून ठेवलेलं — कुणी विचारलं तर सांगायचं, लहानपणी बैलानं शिंग मारलं. निपाणीकडं आमच्या गोठ्यात बैल होतेच, त्यामुळं सगळ्यांना पटलं. खरं काय? चार वर्षांची असताना माझ्या किडनीत गाठ झालेली. कॅन्सरची. मिरजेला नेऊन ती किडनीच काढली. धाकटा भाऊ तेव्हा जन्मलाही नव्हता. आई-आप्पा गेले, आणि हे माहीत असलेली मी एकटीच उरले.

मग त्याच भावाची लेक, परी. साडेतीन वर्षांची. शहापूरच्या घरी अंघोळ घालताना तिच्या आईच्या, सुजाताच्या, हाताला पोटात गाठ लागली. तीच गाठ! दवाखान्यात मी सोबत होते. डॉक्टर म्हणाले, ह्यातली बरीच पोरं बरी होतात. पण कधीकधी जीनमधला दोष घराण्यातनं येतो, मग दुसऱ्या किडनीलाही लई जपावं लागतं. "घरात कुणाला लहानपणी असं झालंय?" भावानं माझ्याकडं बघितलं, मी थोरली म्हणून. मी म्हटलं, "न्हाय."

का? माझ्या लेकीची सोयरिक जुळत आलेली. एवढंच.

पण त्याहून वाईट पुढं हाय. आत ऑपरेशन चाललेलं, बाहेर बाकावर सुजातानं माझा हात धरला. "आक्का, ह्यातनं जगून मोठं झालेलं कुणी असतंय का हो?" आणि मी तिच्या शेजारी बसलेली — पन्नाशीला टेकलेली, दोन बाळंतपणं झालेली, धडधाकट! काय म्हणाले मी? "देवाच्या हातात गं सगळं."

नंतर भावकीत कुजबुज सुरू झाली, सुजातानं गरोदरपणी ग्रहणात विळी धरली म्हणून पोरीला भोवलं. मी तेही ऐकून घेतलं. पुढं तपासणीत निघालं, जीनमधला तो बदल भावाकडनं आलाय. तो पार खचला, जेवेना. तेव्हा तरी तोंड उघडावं की न्हाय? न्हाय उघडलं.

परी आता सात वर्षांची हाय. लई वांड. दर तपासणी चांगली येते. परवा फ्रॉक वर करून मला तिचा व्रण दाखवत होती. "आत्या, असं दुसऱ्या कुणालाच नसतंय व्हय गं?"

मी पदर पोटावर ओढून घेतला.

"न्हाय गं बाळा," म्हटलं. "तुलाच."