जाऊन-येऊन तिकीट

या सदरातले अनुभव मी गेली चार-पाच वर्षं वाचतोय आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना हसलोय. पांढरी साडी, पिंपळ, नेमकी घाटातच बंद पडणारी मोटारसायकल... बायको म्हणते, हसायचंच असेल तर वाचता कशाला? तिला काय सांगणार! रेल्वेत मी तेहतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी आडबाजूच्या स्टेशनांवर एकट्यानं. भुताखेतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता आणि आजही नाही. तरीसुद्धा एक गोष्ट आहे. बायकोला ती अर्धीच माहीत आहे. उरलेली अर्धी सांगायची लाज वाटते, म्हणून इथे नाव न देता लिहितोय.

मी नांदेडचा. बी.एस्सी. झालो, रेल्वेत असिस्टंट स्टेशन मास्तर म्हणून लागलो आणि लवकरच लातूर रोड ते उदगीर यांच्यामधल्या एका लहान स्टेशनवर माझी बदली झाली. दोन खोल्या, एक लिंबाचं झाड, समोर चार दुकानं आणि मागे गाव. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. आमच्या भिंतीवरच्या नकाशात मात्र अजून उस्मानाबादच होतं. "जिला नया, सूखा पुराना," असं आमचा सांधे बदलणारा पॉइंट्समन गफूर म्हणायचा. ते खोटं नव्हतं. स्टेशनची विहीर तळाला गेली होती आणि स्टाफचं पाणी मालगाडीला जोडलेल्या टाकीतून यायचं.

अशा स्टेशनवर मास्तरच सगळं करतो. सिग्नल तोच देतो, तिकीट तोच विकतो आणि उतरलेल्या माणसांकडून तिकीट गोळाही तोच करतो. तेव्हा तिकिटं जाड पुठ्ठ्याची असत. कपाटातल्या खणांत गावागावांचे गठ्ठे रचलेले, सगळ्यात लहान नंबर आधी विकायचा. शेजारी तारीख उठवायचं लोखंडी मशीन. तिकीट घातलं की खटॅक. आमच्या मशीनमधल्या दोनच्या आकड्यांच्या शेपट्या तुटलेल्या होत्या, त्यामुळे आमच्या स्टेशनचं तिकीट मी कुठेही ओळखलं असतं.

नेहमीच्या तिकिटांखाली एक कुलपाचा ड्रॉवर होता. त्यात कधीही न विकली जाणारी तिकिटं पडून असत. कुत्र्याचं तिकीट, सायकलीचं तिकीट, हातानं लिहून द्यायचं कोरं तिकीट. आणि त्यातच हैदराबादच्या परतीच्या तिकिटांचा एक गठ्ठा. एकच लांब पुठ्ठा, मधोमध भोकांची रेघ. डावा तुकडा जायचा, उजवा यायचा. कुणा साहेबाच्या डोक्यात आलं म्हणून कधीतरी छापून आलेला तो गठ्ठा. पहिला नंबर तीन शून्यं. छापखान्यातल्या दोऱ्याची गाठसुद्धा कुणी सोडलेली नव्हती. आमच्याकडून हैदराबादला जाणारे कामाला जायचे, आणि परत कधी यायचं ते त्यांनाच ठाऊक नसायचं. परतीचं तिकीट मागणार कोण?

ते मागितलं बसप्पांनी.

बसप्पांचं स्टेशनसमोर चुरमुऱ्याचं दुकान होतं. लिंगायत माणूस, पन्नाशीचा, कपाळावर विभूतीचे पट्टे, बोलणं मोजकं. त्यांच्या बायकोला मी अक्का म्हणायचो. दुष्काळात मी अक्कांना स्टेशनच्या टाकीतून दोन घागरी घेऊ द्यायचो. नियमात बसत नव्हतं, पण त्या घागरींच्या बदल्यात मला जे मिळालं ते कुठल्याच नियमात बसत नव्हतं. "मास्तर, जेवलाव का?" अशी हाक यायची आणि पाठोपाठ धपाटे, शेंगदाण्याची चटणी. मी एकटा, एकोणतीस वर्षांचा, स्टोव्हवर भात करपवणारा. वर्षभर त्या बाईनं मला घरच्यासारखं जेवू घातलं.

त्या उन्हाळ्यात अक्कांच्या पोटात गाठ निघाली. लातूरच्या डॉक्टरांनी हैदराबादला न्यायला सांगितलं. दोघं नवरा-बायको दुपारच्या पॅसेंजरला निघाली. अक्का लिंबाखाली गाठोड्यावर बसल्या होत्या आणि बसप्पा खिडकीशी आले.

"मास्तर, हैदराबादचं जाऊन-येऊन तिकीट द्या. दोन."

मालगाडीला लाईन द्यायची होती, फोन वाजत होता, डोक्यावर पत्रा तापलेला. परतीचा गठ्ठा फोडायचा म्हणजे कुलूप काढा, रजिस्टरला नवा रकाना आखा, वर एक पत्र लिहा. मी म्हटलं, "साधंच घ्या अप्पा. येताना तिकडून काढा."

"तसं न्हाई. हिचं म्हणणं हाय, माणसानं 'येते' म्हणून घर सोडावं. आन् तिकीट नुसतं जायाचं काढायचं, हे बरं दिसत न्हाई."

आता माझी अक्कल बघा. मी बी.एस्सी. झालेलो ना! हसून म्हणालो, "तिकिटानं माणूस परत येत असतं का अप्पा?" आणि त्यांनी आणखी काही बोलायच्या आत तोंडाला येईल ते ठोकून दिलं, "परतीची तिकिटं संपलीत."

संपलीत! ज्या गठ्ठ्याला आजवर कुणी हात लावला नव्हता, तो संपला होता.

बसप्पांनी पैसे मोजून ठेवले. दोन साधी तिकिटं घेतली. गाडीत चढताना अक्का मला म्हणाल्या, "येते मास्तर. धपाटे झाकून ठिवलेत, गफूरभाईला बी द्या." मी हात केला आणि फोन घ्यायला आत पळालो.

बारा दिवसांनी बसप्पा एकटेच उतरले. माझ्या हातात तिकीट ठेवलं आणि म्हणाले, "अक्का न्हाई आली, मास्तर." ऑपरेशननंतर दोन दिवसांत सगळं आटोपलं होतं. एवढ्या लांबून आणणं जमलं नाही, तिथल्याच एका मठाच्या जागेत माती दिली. मी काहीतरी बोललो असेन. मला आठवतं ते एवढंच, की मी त्यांच्या डोळ्यांकडे बघू शकलो नाही.

विज्ञान शिकलेला माणूस स्वतःला समजावतो. गाठ तिकिटानं बरी होत नसते. खरंच आहे. पण त्या बाईनं माझ्याकडे मागून मागून काय मागितलं होतं? पुठ्ठ्याचा एक तुकडा, आणि तोही माझ्या ड्रॉवरमध्ये पडलेला. पुढचे कित्येक दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

यानंतर साधारण महिन्यानं ते घडलं. भर दुपार होती. हैदराबादकडची पॅसेंजर आली, माणसं उतरली, मी फाटकाशी उभा राहून न बघताच तिकिटं घेतली. उन्हात कोण बघतो? आत येऊन टेबलावर टाकली आणि लावायला घेतली, तर त्यात एक अर्धंच तिकीट. लांब पुठ्ठ्याचा उजवा तुकडा. हैदराबादहून आमच्या स्टेशनचा, परतीचा. नंबर तीन शून्यं. तारीख होती बसप्पा आणि अक्का निघाले त्या दिवसाची, बावीस, आणि दोन्ही दोनांच्या शेपट्या तुटलेल्या. कोपऱ्यावर विभूतीच्या राखेनं माखलेल्या अंगठ्याचा ठसा होता.

मी गफूरला हाक मारली. "किती उतरले रे?"

"दस. मैं गिना ना साब, दसच."

टेबलावर अकरा होती. कुलपाची किल्ली माझ्या करगोट्याला असायची, आंघोळीलासुद्धा निघायची नाही. ड्रॉवर उघडला. गठ्ठा जागेवर होता. दोऱ्याची गाठ छापखान्यातली, जशीच्या तशी. ती मी कापली. पहिल्या पुठ्ठ्याचा डावाच तुकडा होता. कोरा, तारीख न उठवलेला. उजवा भोकांच्या रेघेवरून फाडलेला. माझ्या हातातला तुकडा त्याला लावून बघितला... धागा न् धागा जुळला. म्हणजे ज्या तिकिटावर कुणी गेलंच नव्हतं, त्याच तिकिटावर कुणीतरी परत आलं होतं.

गफूरनं दोन्ही तुकडे दारातल्या उजेडात धरून पाहिले. मग एवढंच म्हणाला, "साब, ये अप्पा को दे दो. ये तुम्हारा नै, मेरा नै."

मलाही तेच वाटलं. देवाशपथ वाटलं. द्यायचं म्हणजे कबूल करायचं, की तिकिटं होती आणि मी खोटं बोललो. संध्याकाळी तो तुकडा शर्टाच्या खिशात घालून मी दुकानावर गेलो. वाटेत वाक्य पाठ करत होतो, शाळेतल्या पोरासारखं.

बसप्पा ओट्यावर बसले होते. चेहरा कसा निवांत. महिन्याभरात पहिल्यांदाच माणूस झोप घेऊन उठल्यासारखा दिसत होता. मला बसायला सांगितलं आणि आपणहूनच बोलू लागले.

"दवाखान्यात शेवटच्या दिवशी म्हणली, माझं परतीचं तिकीट दाखवा. म्या म्हणलं, हाय माझ्याजवळ, मास्तरानं दिलंय. खोटं बोललो. मग म्हणली, माझं माझ्याकडं द्या. काय देऊ मास्तर? होतंच काय?" मग म्हणाले, "माझंच चुकलं. जोर लावून मागाय पायजे होतं तुमाला. न्हाईतर उदगीरला जाऊन काढाय पायजे होतं."

माझा हात खिशावर गेला.

"खरं सांगा मास्तर," ते माझ्याकडे बघत म्हणाले, "खरंच नव्हतं का तिकीट?"

इतकं सोपं करून दिलं होतं त्यांनी. पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं. आणि मी म्हणालो, "नव्हतं, अप्पा."

का म्हणालो? भीती नोकरीची नव्हती, बसप्पा काही तक्रार करणारा माणूस नव्हे. त्यांच्या ओट्यावर वर्षभर जेवलो होतो, तिथे बसून खोटारडा ठरायची लाज वाटली. त्या लाजेपायी मी त्या माणसाला आपलंच चुकलं असं समजत राहू दिलं.

बसप्पा उठले. मग नेहमीसारखा चुरमुऱ्यांचा पुडा बांधून दिला. मी "येतो अप्पा" म्हणालो. "या," ते म्हणाले, "कवा बी या."

मी गेलो नाही. समोर दुकान, तरी दोन महिने तोंड चुकवत राहिलो. मग खटपट करून नांदेडला बदली करून घेतली. गफूर निरोप द्यायला आला, पण तिकिटाबद्दल बोलला नाही. तो गठ्ठा मी तसाच बांधून ड्रॉवरमध्ये ठेवला. पुढे पुठ्ठ्याची तिकिटं बंद झाली तेव्हा भंगारात गेला असणार. उजवा तुकडा तेवढा माझ्याकडे राहिला.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात मी रिटायर झालो. टीव्हीवर ती लांबलचक टाक्यांची गाडी बघितली आणि मला आमच्या टाकीखाली घागर धरून उभ्या असलेल्या अक्का दिसल्या. दोन रात्री धड झोपलो नाही. तिसऱ्या दिवशी बायकोला उदगीरला काम आहे सांगून निघालो.

दुकान आता मुलगा बघत होता. बसप्पा आत खाटेवर होते, ऐंशीच्या पुढचे, डोळे अधू, पण आवाजावरून ओळखलं. "मास्तर आलाव?" मी खाली बसलो, तुकडा त्यांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. तिकिटं होती, गठ्ठा होता, कंटाळा केला, दोनदा खोटं बोललो. बोलता बोलता मला रडू आलं. एकसष्टीला टेकलेला माणूस मी, हुंदके देऊन रडलो.

त्यांनी तुकडा बोटांनी चाचपला, भोकांची कड तपासली, कपाळाला लावला.

"हेच की," म्हणाले, "हेच दाखवलं होतं तिनं."

"कुणी?"

"आणखी कोण? त्या दुपारी आडवा झालतो. सपान म्हणा न्हाईतर काय बी म्हणा. ती आली, घागर खाली ठिवली, हे दाखवलं. म्हणली, हे बघा, मास्तरकडंच होतं. रागवू नगा. इचारा फकस्त, सांगतील ते." बसप्पा हसले. "संध्याकाळी तुमी आलाव, हात खिशावर. म्हणून इचारलो. माझंच चुकलं म्हणलो, ते बी तुमाला बोलायला सोपं जावं म्हणून."

ते सारं मनात धरून बसलेत असं समजून मी एकतीस वर्षं कुढत होतो, आणि त्यांनी ते त्याच दुपारी खाली ठेवलं होतं.

"कवा बी या म्हणलो होतो की," ते म्हणाले. "लई उशीर लावलाव मास्तर."

तुकडा त्यांनी ठेवून घेतला नाही. म्हणाले, मला दाखवून झालंय, तुमीच ठिवा. मुलाला चुरमुऱ्यांचा पुडा बांधायला लावला. "पुढल्या बारीला जेवायला या. सून धपाटे करती, सासूसारखेच." मी हो म्हणालो, पाया पडलो आणि निघालो.

झालं ते एवढंच. या प्रकाराचा अर्थ मी कित्येकदा लावून पाहिला. छपाईतली चूक म्हणावी तर तारीख कुणी उठवली? गफूरची मस्करी म्हणावी तर ती गाठ? आणि बसप्पांना तो तुकडा मी तोवर दाखवलाच नव्हता. वाचकांपैकी कुणाला उलगडा होत असेल तर जरूर लिहा, मी हसणार नाही. तुकडा कपाटात आहे. राखेचा ठसा आता पुसट झालाय.

बसप्पांकडे दिवाळीनंतर जायचं ठरवलं होतं. मग थंडी पडली, मग गुडघा दुखायला लागला, मग नातवाची परीक्षा आली. पुढच्या वर्षी त्यांच्या मुलाचा फोन आला, अप्पा गेले म्हणून. घरात शेवटपर्यंत विचारायचे म्हणे, नांदेडचे मास्तर जेवायला येणार होते, आले का?

निघताना मी त्यांना "येतो" म्हटलं होतं.