गोठ्यातली पांढरी फरशी

वारज्याच्या हिंदुरावांची जमीन बिल्डरकडे गेली, बैल गेले, गोठ्यात उरली एकटी बकुळा गाय. मुलगा रविराज हिंजवडीत कॉम्प्युटरवर बसतो. नव्या बंगल्याच्या बाथरूमची फरशी उरली, ती त्यानं गोठ्यात बसवून दिली. पांढरीशुभ्र, शिवाय पाय न घसरणारी. हिंदुराव हरखून शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे, आणि शेजारी गोठ्याच्या दारात चपला काढायचे.

"आता गायीला टावेल तेवढा द्या," तुळजाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

पहिली धार भुईला, ही हिंदुरावांच्या वडिलांपासूनची रीत. जन्मभर ती काळ्या शहाबादीवर पडायची, आता पांढऱ्यावर पडू लागली. पांढऱ्यावर पांढरं, त्यात बघायचं काय?

एका सकाळी बकुळेनं लाथ मारून बादली उडवली. असं तिनं कधी केलं नव्हतं. मागचा डावा सड तापलेला, वरची कास घट्ट.

"कासेला दगडी झाली," म्हणत हिंदुराव तिथंच खाली बसले.

जनावरांच्या डॉक्टर शेफाली मॅडम आल्या. त्यांनी त्या सडाची धार काळ्या वाटीत घेतली. वाटीत दह्यासारखे कण तरंगले.

"काका, हे आधीपासून पडत असणार. दिसले नाहीत?"

हिंदुरावांनी फरशीकडं पाहिलं. ती छान चकाकत होती.

"हे जंतू हायत का?"

"नाही. जंतूंशी लढायला रक्तातून आलेल्या पांढऱ्या पेशी. जंतू गिळतात आणि मरतात. त्यांचेच हे गोळे."

"म्हंजी आपल्याच बाजूची माणसं. अजून येत्यात?"

"लाखांनी. पण एवढी गर्दी झाली की दूध तयार होतं त्या जागेलाही इजा होते. त्यांच्याच हातून."

"मग त्यांना जरा दमानं घ्या म्हणायचं."

"त्या थांबल्या तर गाय जाईल, काका."

सरपंच असताना हिंदुरावांनी भावकीची कैक भांडणं समोरासमोर बसवून मिटवली होती. इथं कुणाला बसवणार?

मॅडमनी इंजेक्शन दिलं, सड सारखा पिळून रिकामा करायला सांगितलं. हिंदुराव दिवसभर तेच करत राहिले. पिळलेलं फेकायचं, पुन्हा बसायचं. बकुळा मान वळवून बघायची.

"अवं, उठा आता," तुळजाबाई म्हणाल्या. "तुमी बसल्यानं त्या पेशींना काय कळणार हाय?"

"न्हाय कळणार," हिंदुराव म्हणाले, आणि बसून राहिले.

ताप उतरला. बकुळा चारा खाऊ लागली. सड मात्र आतून घट्टच राहिला.

मग हिंदुरावांनी पहारीनं एक फरशी उचकटली आणि तिथं परसातली शहाबादी बसवली.

"बाबा, सगळा पॅटर्न बिघडला," रविराज म्हणाला.

"बिघडला खरा."

दुसऱ्या सकाळी तीन सडांच्या पहिल्या धारा काळ्या दगडावर पडल्या. स्वच्छ, एक कण नाही. चौथ्याला त्यांनी हळूच हात घातला, पिळला, आणि खाली वाकून दगडाकडं बघत राहिले. दगडावर काहीच पडलं नाही. त्यांनी पुन्हा पिळला.