डोळे चांगले आहेत म्हणे

मी पिंपरीतल्या एका हॉस्पिटलात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. मेंदूला मार लागलेल्या माणसाला पुन्हा आपल्या हाताने जेवता यावं, अंघोळ करता यावी, कामावर जाता यावं, हे बघणं माझं काम. आम्ही स्वतःला थोडक्यात 'ओटी' म्हणतो, पण त्यावरून लोकांना ऑपरेशन थिएटर आठवतं. सासरी तर मला अजून मालिशवालीच समजतात. त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते एका फाइलीत मी स्वतःच्या अक्षरात लिहिलेल्या वाक्याचं.

ती बाई चिखलीची, तिशीतली. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तपासणीवर होती. सकाळची शिफ्ट संपवून येताना स्कूटरवरून पडली आणि डोक्यात मागच्या बाजूला रक्तस्राव झाला. दोन महिन्यांत हातपाय चालायला लागले, बोलणंही स्वच्छ झालं. पण दारातून जाताना डाव्या बाजूच्या चौकटीवर खांदा आपटायचा, डावीकडचा कप लवंडायचा, वाचताना ओळीची सुरुवात सापडायची नाही. डोळे तपासले तेव्हा तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा तिने वाचली होती, त्यामुळे कागदावर शेरा होता, 'डोळे चांगले'. घरातले म्हणू लागले, कामावर जायला नको म्हणून सोंग करते. आणि मी फाइलीत लिहिलं, 'लक्ष देत नाही. सहकार्य कमी.'

एकदा मी तिच्या डाव्या हाताला खुर्ची ओढून बसले आणि मण्यांची वाटी पुढे धरली. ती हलेना. मी चिडून म्हटलं, "अहो, धरलीय ना वाटी!"

"आवाज येतोय मॅडम," ती म्हणाली. "पण तुम्ही आहात कुठं?"

मी वाटी ठेवली आणि तिच्या समोर जाऊन बसले. "माझ्या नाकाकडे बघत राहा," म्हटलं आणि दोन्ही बाजूंना बोटं हलवली. उजवीकडची तिने लगेच सांगितली. डावीकडचं बोट माझ्या चेहऱ्याच्या मध्यावर येईपर्यंत तिला कळलंच नाही. एकेक डोळा झाकून पाहिलं, तरी तेच. डोळे ठणठणीत होते. मेंदूचा डावीकडचं पाहणारा भागच दुखावला होता. हे मला कॉलेजात शिकवलं होतं. परीक्षेत उत्तर लिहिलं आणि विसरून गेले होते.

मग मशीनवर नजरेचा घेर मोजून घेतला. दोन्ही डोळ्यांच्या चित्रांत डावी अर्धी बाजू काळी आली. तिने तो कागद घरी नेला आणि जेवायला बसलेल्या सगळ्यांसमोर आपटला. "घ्या, माझ्या सोंगाचा फोटो."

मी आमच्या विभागप्रमुखांकडे गेले. म्हटलं, शहरातल्या थेरपिस्टना हे शिकवू या, एक दिवस हॉल द्या.

ते म्हणाले, "डोळे बघायला डोळ्यांचे डॉक्टर आहेत. तुम्ही हात बघा."

"हातच बघतेय सर. हात चालतोय. कुठं जायचं ते त्याला दिसत नाही."

हॉल मिळाला नाही. मी तिच्याजवळ चडफडले, तर दुसऱ्या दिवशी तिचे सासरे आले. कंपनीतून निवृत्त झालेले, चिखलीतल्या बुद्धविहाराच्या समितीवर. सुनेला सोंगाडी म्हणण्यात तेही होते. खाली बघत म्हणाले, "विहाराचा हॉल रविवारी दुपारी मोकळा असतो. शिकवायला कुणाची परवानगी लागत नाही तिथं."

अकरा थेरपिस्ट आल्या. पिंपळे गुरवच्या, माणच्या, एक थेट चाकणहून दोन रिक्षा बदलून. मी साध्या चष्म्यांच्या काचांच्या डाव्या अर्ध्या भागाला काळी पट्टी चिकटवून आणली होती. माझ्याशेजारी बसलेल्या तिच्याकडे हात करून म्हटलं, हे घाला, म्हणजे हिला कसं दिसतं ते कळेल.

तिने एक चष्मा उचलला, डोळ्यांना लावला आणि काढून ठेवला. "हे चूक आहे."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"मला काळं दिसत नाही," ती म्हणाली. "काळं दिसलं असतं तर कळलं असतं ना, की इथं काहीतरी झाकलंय. तुम्हाला तुमच्या डोक्याच्या मागं काय दिसतं? काळं?"

एकीने नकळत मान मागे वळवली.

"काहीच नाही ना? तसं आहे ते. म्हणून पेशंट सांगत नाही. त्याला ठाऊकच नसतं. तुम्हीच विचारायचं. आणि विचारायच्या आधी फाइलीत काही लिहायचं नाही."

शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं. मी अकरा जणींसमोर सांगून टाकलं की तिच्या फाइलीत 'लक्ष देत नाही' असं मीच लिहिलं होतं. मग न दिसणारी बाजू कशी शोधायची ते दाखवत ती सगळ्यांकडून मान वळवून घेऊ लागली. आधी डावीकडे, पार कडेपर्यंत, मग उजवीकडे. एकीने विचारलं, "ताई, हे पूर्ण बरं कधी होणार?" ती म्हणाली, "माझं नाही होणार आता. पण वळवायला मान आहे ना अजून."

सगळं काही मनासारखं झालं नाही. स्कूटर तिला विकावी लागली आणि त्याचा राग तिला आजही आहे. तपासणीवर परत घ्यायला कंपनीने नकार दिला. ती मला घेऊन गेली आणि तिथल्या साहेबांना म्हणाली, "दया नको. टेबल फिरवून द्या." चार खेपा घातल्यावर पॅकिंगला घेतलं, सगळे खोके उजव्या हाताला लावून. त्यानंतर विहारात पाच वेळा शिकवणी झाली. 'आपल्या पेशंट' अशी ओळख करून दिलेली तिला चालत नाही. 'शिकवणाऱ्या बाई' म्हणायचं.

हॉस्पिटलच्या फॉर्मवर नजरेचा रकाना नव्हता. तो घालावा म्हणून केलेला अर्ज दोनदा परत आला, तेव्हा मी बाजारातून रबरी शिक्का करून आणला, 'नजरेचा घेर: डावा, उजवा', आणि प्रत्येक नव्या फॉर्मवर उमटवायला लागले. विभागप्रमुखांनी फॉर्म माझ्यापुढे धरला. "हे कुणी मंजूर केलं?"

"कुणीच नाही," मी म्हटलं, आणि पुढच्या फॉर्मवर शिक्का मारला.