अप्पांचा डावा तळहात

बसलिंगअप्पा इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोटही घेत नसत. डाव्या तळहातावर लिंग ठेवायचं, उजव्या हातानं विभूती लावायची, बेल वाहायचा आणि मग त्याच्याकडे टक लावून बसायचं. वीस मिनिटं. मी घड्याळ लावून पाहिलं आहे. एकोणीस नाहीत की एकवीस नाहीत.

भूकंपानंतर ते मुरुड सोडून लातुरात आमच्या शेजारी आले. क्लासेससाठी बाहेरगावची पोरं लोटू लागली, तेव्हा त्यांनी कापडाचं दुकान मोडून गाद्या, बादल्या, टेबललॅम्प ठेवले. "पोरगं डॉक्टर होवो न होवो, बादली तर लागतीच," म्हणायचे.

एकदा लॅम्पचं खोकं उघडताना फुटकी काच त्यांच्या डाव्या तळहातात शिरली. करंगळी आणि शेजारचं बोट मिटवणाऱ्या दोऱ्या, ज्यांना डॉक्टर टेंडन म्हणतात, त्या तुटल्या. ऑपरेशन करून त्या शिवल्या आणि मनगट वाकलेलं राहील अशी एक कडक पट्टी हाताच्या मागच्या बाजूनं बांधली. सहा आठवडे ती काढायची नव्हती. दर तासाला उजव्या हातानं ती बोटं दहा वेळा मिटवायची; उघडायची मात्र त्यांची त्यांनी, पट्टीला टेकेपर्यंत. डाव्या हातानं काही धरायचं नाही. मी तक्ता आखून दिला : चौदा तास, एकशेचाळीस वेळा.

"कुलकर्णी, तुमच्यापायी माझी बोटं शाळंत जायलीत," अप्पा म्हणाले.

खरी अडचण पूजेची होती. फिजिओथेरपीच्या मॅडमकडे आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. अप्पा उपाशीच होते.

"पूजेपुरती पट्टी काढली तर?"

"रोज वीस मिनिटं, बेचाळीस दिवस," मी मध्येच बोललो. "चौदा तास होतात, अप्पा."

"तुम्हाला कोण इचारलं?"

मॅडम म्हणाल्या, पट्टी ठेवूनच हलकी वस्तू तळहातावर ठेवता येईल. पण ती घसरली आणि बोटांनी झटक्यात पकडली, तर शिवण तुटेल. "घसरली तर पडू द्याल का?"

अप्पांनी पट्टीकडे पाहिलं. "न्हाई," ते म्हणाले. "देव पडताना हा हात माझं ऐकणार न्हाई."

हो म्हणून मोकळं होणं सोपं होतं. घरी येऊन ते तसेच उपाशी बसले. तिसऱ्या प्रहरी त्यांच्या पत्नी, गंगाक्का, बोलल्या, "हातच गेला तर देव कशावर ठेवताव? माझ्या डोक्यावर?"

तेव्हा कुठे ते मठात विचारायला गेले. उत्तर आलं : बरं होईपर्यंत उजवा तळहात चालेल, आणि विभूती-बेल वाहणारा हात घरातलाच असावा.

इतकी वर्षं अक्का आपली पूजा स्वयंपाकघरात वेगळी करत. आता स्वतःची उरकून त्या अप्पांच्या शेजारी बसू लागल्या. पहिल्याच दिवशी मी तक्ता घेऊन गेलो, तर आतून आवाज येत होते.

"अगं, बेल पालथा वाह."

"मग मी काय आजवर सुलटा वाहत व्हते? सुम्न कूडरी." गप बसा म्हणायला त्यांना कानडीच लागायचं.

पूजा त्या दिवशी एकतीस मिनिटं चालली. पुढेही वीसवर कधी आली नाही.

सहा आठवड्यांनी पट्टी सुटली, मग हळूहळू हाताला जोर देणं सुरू झालं. तीन महिने भरले तेव्हा मॅडमनी डावा हात मोकळा केला. करंगळी मिटताना तळहातापासून अर्धा सेंटीमीटर लांब राहत होती. मी फूटपट्टीनं मोजलं. बाकी बोटं बरोबर होती.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेलो. अप्पांनी डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. हात हलला नाही. अक्कांनी ते पाहिलं, विभूतीची डबी त्यांच्या उजव्या हाताशी सरकवली आणि उठल्या.

"कुठं निघालीस?"

"आता हात हाय की तुमचा."

"हात हाय," अप्पा तळहातावरची नजर न काढता म्हणाले, "पर एकट्यानं करायची सवय मोडली. बस."

अक्का बसल्या.